नाकवालीचा सेल्फ

नाकवाली रेल्वेच्या फाटकात बंद पडली तेव्हा आत गाण्याच्या क्लासच्या बायका होत्या, आणि त्यांचं गाणं ऐन रंगात आलं होतं.

बंद पाडली ती ड्रायव्हरबाईनंच. रुळांमधल्या खडबडीत फळ्यांवरून जाताना तिनं गिअर एक वरचाच ठेवला, क्लच जरा लवकर सोडला, आणि बस दोन आचके देऊन थांबली. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. कुणाच्याही हातून होतं. तिनं गिअर काढला आणि इंजिन चालू करायचं सेल्फचं बटण दाबलं. बोनेटखालून एकच आवाज आला. कट्ट. पुढे काहीच नाही. पुन्हा दाबलं. कट्ट. मग ती दाबतच सुटली. पायाशी तेल करपल्यासारखा वास आला, आणि मागे बायकांचं गाणं एकेका आवाजानं विरत गेलं.

फाटकाची घंटा वाजायला लागली.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवत राहिलं. फाटकवाला लाल झेंडा घेऊन रुळांच्या कडेकडेनं लांब पळत सुटला होता. ती "उतरा, सगळ्या उतरा!" म्हणून ओरडत होती. बायका उतरल्या, पण लांब जायचं सोडून बसच्या मागे जाऊन ढकलायला लागल्या. त्यातल्या एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पलीकडून मोटारसायकलवाले गाड्या तिथंच टाकून धावत आले. एवढं जडशीळ धूड, आधी हललंच नाही. मग पुढची चाकं रुळावरून उतरली, मग मागची, आणि पलीकडच्या उतारावर तिनं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला तसं इंजिन खोकत खोकत चालू झालं. रेल्वेगाडी मागून किती वेळानं गेली, फाटकवाल्यानं ती अडवून धरली होती का, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. धीरच झाला नाही.

बायका पुन्हा चढून बसल्या. एकजण हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. गाणं मात्र कुणी पुन्हा धरलं नाही.

नाकवाली म्हणजे जुन्या जमान्यातली बस. इंजिन पुढे, लांबलचक नाकात. नाकाच्या दोन्ही बाजूंना बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे. ड्रायव्हरबाईच्या नवऱ्यानं ती हौसेनं भंगारातून उचलून आणली होती. मग त्याला जहाजावर नोकरी लागली आणि हौस बायकोच्या गळ्यात पडली. तिनं कुरकुर केली नाही. मोठी गाडी चालवायला शिकली, लायसन काढलं, आणि सहलींना, लग्नांना, फोटोवाल्यांना बस द्यायला लागली. गल्लीत लहानथोर सगळे तिला ड्रायव्हरबाईच म्हणत.

बसच्या वायरिंगचं सगळं सासऱ्यांकडे होतं. त्यांना बाजारात उस्ताद म्हणत. उभा जन्म ट्रक आणि बसच्या बॅटऱ्या, डायनॅमो, स्टार्टर यांत गेलेला. त्यांची एक पद्धत होती. गाडी आली की ते बोनेटला हातही लावत नसत. शेजारी डोळे मिटून उभे राहायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, "मार सेल्फ." आवाज ऐकून रोग सांगायचे. टकटकटक असं भराभर वाजलं की बॅटरी बसलेली. घुर्र... घुर्र... असं मेल्यासारखं फिरलं की जाड वायर सैल, नाहीतर स्टार्टर आतून झिजलेला. आणि एकच कट्ट होऊन शांत झालं, तर बॅटरीत दम आहे पण करंटची वाट कुठंतरी अडली आहे. असं ते सांगत आणि बहुतेक वेळा तसंच निघे.

फाटकातून परत आल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते हातातली चहाची कपबशी खाली ठेवून लगेच शेडमध्ये गेले. घराच्या मागेच टायरवाल्याच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती. त्यांनी तिला सेल्फ मारायला लावला, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "बॅटरी."

बॅटऱ्यांची जोडी बदलली. बस एका झटक्यात चालू झाली. दोन फेऱ्या नीट झाल्या, तिसरीला पुन्हा कट्ट. उस्ताद बॅटरीवाल्याशी भांडून आले, दुसरी जोडी घेऊन आले. पुन्हा चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

ड्रायव्हरबाईचा जीव टांगणीला लागला. बस चालू असली तरी तिचं लक्ष रस्त्यावर कमी आणि इंजिनाच्या धडधडीत जास्त असायचं. सिग्नलला थांबली की उजवा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जायचा, इंजिन विझू नये म्हणून. घरी दाराची कडी लागली तरी ती दचकायची. दिव्याचं बटण, डब्याचं झाकण, सासूबाईंच्या चष्म्याची डबी, सगळ्यातून तिला तो एकच आवाज ऐकू यायचा. जेवताना मध्येच उठून शेडमध्ये जायची, बटण दाबून बघायची. कधी बस चालू व्हायची, कधी नाही. चालू झाली तर जास्तच अस्वस्थ व्हायची. रविवारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सेसची सहल ठरली होती. त्यांना नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि हो म्हणून तर बसली होती.

त्या आठवड्यात एकदा सकाळी ती वर सीटवर बसली होती आणि उस्ताद नाकाशेजारी उभे होते.

"मार," ते म्हणाले.

तिनं बटण दाबलं. कट्ट.

"ऐकलंस?" उस्ताद म्हणाले. "टकटकटक. बॅटरीच. त्यानं पुन्हा जुनाच माल गळ्यात मारलाय."

"बाबा, एकदाच वाजलं."

"काय?"

"एकदाच वाजलं म्हणते मी. टकटक नाही झालं."

"वर बसून तुला काय कळणार? माझ्या कानाशी वाजतंय ते."

ती समोरच्या काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी मान तशीच तिरकी धरली होती, डोळे मात्र मिटलेले नव्हते. ते तिच्या हाताकडे बघत होते. तिचा हात बटणाकडे गेला की त्यांच्या भुवया वर जात. तिच्या मनात एक विचार आला आणि तो आल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला. तरी तिनं ते केलं. बोट बटणापाशी नेलं, नुसतं टेकवलं आणि मान हलवून म्हणाली, "दाबलं."

शेडमध्ये पत्र्यावर चिमण्यांची नखं वाजत होती, तेवढाच आवाज.

"हं," उस्ताद म्हणाले. "बघ. टकटकटक. मी काय सांगतोय मघापासून?"

ती खाली उतरली. तिच्या हाताला काही लागलं नव्हतं, तरी नळाखाली हात धरून ती बराच वेळ धूत राहिली.

सासूबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. ती समोर जाऊन उभी राहिली. कसं काढावं ते तिला कळेना.

"आई, बाबांना ऐकू..."

सासूबाईंची सुरी थांबली. "कळलं का तुला?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"एका घरात राहते मी त्यांच्याबरोबर. समोर बसून बोललेलं कळतं त्यांना, ओठ बघतात. बारीक आवाज गेलेत. दारावरची घंटा गेली, फोन गेला. कुणी काही म्हणालं की मी तेच पुन्हा मोठ्यानं म्हणते, म्हणजे त्यांना समजतं. शेजारी म्हणतात, ही बाई सगळं दोनदा का बोलते."

एरवी ड्रायव्हरबाईला हसू आलं असतं. "मला सांगायचं नाही का? मी फाटकात अडकले होते, आई. तीसएक बायका होत्या गाडीत."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "तू आल्यावर ते सांगितलंस ना, तेव्हापासून माझ्याही घशाखाली घास उतरत नाहीये. रोज ठरवते, आज बोलायचं. पण मग ते शेडमध्ये जायचे बंद होतील. खुर्चीत बसून राहतील खिडकीकडे तोंड करून. मला ते बघवणार नाही गं."

"आणि मी नर्सेसना घेऊन जाऊ? बॅटरी, बॅटरी करत?"

सासूबाईंनी चिरलेली भाजी पुन्हा चिरायला घेतली.

दुपारी ड्रायव्हरबाईनं पेट्रोल पंपाजवळच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला आणि त्यानं उचलायच्या आतच कट केला. परत लावला, परत कट केला. मग उठून सरळ शेडमध्ये गेली. उस्ताद बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर पॉलिश पेपर घासत होते. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, त्यांना तिचं तोंड दिसेल अशी.

"बाबा, सकाळी दुसऱ्यांदा मी बटण दाबलंच नव्हतं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. समजायला थोडा वेळ लागला, की समजूनही त्यांना ते समजून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. मग त्यांचे कान लाल झाले. पॉलिश पेपरची त्यांनी नीट घडी केली, खिशात ठेवली.

"परीक्षा घेतलीस माझी."

"मला दुसरं सुचलं नाही."

"माझ्याच शेडमध्ये," ते म्हणाले आणि बाहेर पडले.

त्या दिवशी घरात कुणाला एका जागी बसवेना. उस्ताद चपला घालून बाजाराच्या बाजूला गेले, परत आले, पुन्हा गेले. सासूबाई गॅलरीत जाऊन रस्ता बघून येत. ड्रायव्हरबाईनं बसच्या सगळ्या काचा पुसल्या आणि पुसून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळी उस्ताद आले, जेवायला बसले, आणि जेवताना सासूबाईंनी दोनदा बोललेल्या एका वाक्यावर म्हणाले, "एकदाच बोल. मी बघतोय तुझ्याकडे." सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि ताटात बघायला लागल्या.

सकाळी ती शेडमध्ये गेली तर बसखालून त्यांचे पाय बाहेर आले होते. चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावलेले होते. ती वाकली तसे ते सरकत बाहेर आले. केसांना काळं ऑइल लागलं होतं.

"वर जाऊन बस," ते म्हणाले. "मी सांगतो तेवढंच करायचं. आणि ऐकशील ते जसंच्या तसं सांगायचं. मध्ये स्वतःची अक्कल घालायची नाही."

"बरं."

ते पुन्हा खाली गेले. ती सीटवर जाऊन बसली, गिअर न्यूट्रलला असल्याचं पाहिलं आणि बटणावर बोट ठेवून विचारलं, "दाबू का?" खालून उत्तर नाही. ती ओरडली, "बाबा, दाबू?" काही नाही. त्यांनी दाब म्हटलं असेल आणि आपल्याला ऐकू आलं नसेल, असं तिला एक क्षण वाटलं. मग ती काय मनात आलं म्हणून खाली उतरली आणि वाकून बघितलं. उस्ताद डायनॅमोची वायर तपासत होते आणि त्यांचा हात कोपरापर्यंत पंख्याच्या पट्ट्यात होता.

तिनं त्यांचा पाय धरून ओढला.

"काय झालं?"

"हात! हात कुठं होता तुमचा?"

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ती तिथंच सिमेंटवर बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं पेटीतला मोठा पाना उचलला, बसच्या चासीवर, खालच्या सांगाड्यावर, दोनदा ठोकला आणि त्यांचा तळवा धरून लोखंडावर ठेवला.

"हे कळतं?"

पुन्हा ठोकलं.

"कळतं," उस्ताद म्हणाले. "हातात येतंय."

"मग मी दोनदा ठोकणार. तुम्ही हात बाहेर काढायचा आणि उलट दोनदा ठोकायचं. तुमचं ठोकणं आल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही. कितीही वेळ लागू दे."

"हे काय, खेळ आहे का?"

"नाहीतर मी वर जाणार नाही."

त्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं आणि पेटीतून स्वतःसाठी दुसरा पाना घेतला.

मग काम सुरू झालं. आधी दिवे. पुढचे दिवे लावून सेल्फ मारायचा. बॅटरीत दम नसेल तर सेल्फ मारताना दिवे पार मावळतात. ठकठक झालं, उलट ठकठक आलं, तिनं बटण दाबलं. समोरच्या भिंतीवरचे उजेडाचे दोन गोल जसेच्या तसे राहिले.

"काय ऐकलंस?"

"एकदा कट्ट. जोरात. मग काही नाही. दिवे हलले नाहीत."

उस्ताद स्वतः भिंतीसमोर उभे राहिले आणि तिला पुन्हा दाबायला लावलं. गोल हलले नाहीत.

"भल्या माणसाशी दोनदा भांडून आलो मी," ते म्हणाले. बॅटरीवाल्याबद्दल ते एवढंच बोलले.

त्यानंतर त्यांनी स्टार्टरच्या पाठीवरच्या सोलेनॉइडवर संशय धरला. बटण दाबलं की तो पुढे सरकतो, कट्ट वाजतो आणि स्टार्टरला करंट जोडून देतो. आतल्या तांब्याच्या टिकल्या जळल्या असतील तर नुसताच वाजतो. उस्तादांची खात्री होती. त्यांनी तो उतरवला, टेबलावर खोलला. सगळी सकाळ त्यात गेली. टिकल्या नव्यासारख्या होत्या. त्यांनी हातातलं फडकं भिंतीवर फेकलं.

सोलेनॉइड परत चढवला. उस्ताद व्होल्ट मोजायचं मीटर घेऊन बसखाली, ती वर. ठकठक. ठकठक. कट्ट. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची जाड वायर तपासली. ती ठणठणीत होती. ठकठक, ठकठक, कट्ट. ऊन पत्र्यावर तापायला लागलं. उस्ताद दर वेळी बाहेर सरकून तिच्या तोंडाकडे बघत विचारत, "काय ऐकलंस?" आणि ती तेच उत्तर देत होती, आणि दर वेळी दोघांचाही आवाज चढत होता.

"एक बोलू?" शेवटी ती त्यांच्यासमोर वाकून म्हणाली. "ऐकलेलं नाही, वेगळंच आहे."

"अक्कल घालायची नाही म्हटलं होतं."

"वास येतो. पायाशी. तेल करपल्यासारखा. सारखं बटण दाबलं की येतो. फाटकातही आला होता. मला वाटलं क्लचचा असेल."

उस्ताद आडवे होते ते कोपरावर उठले आणि त्यांचं डोकं चासीला आपटलं. "पायाशी म्हणजे कुठं? कुठल्या पायाशी?"

"उजव्या."

ते बाहेर आले, पायऱ्या चढून वर गेले, सीटखाली वाकून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरपासून इंजिनाकडे जाणारी बारीक लोखंडी केबल चिमटीत धरली आणि लगेच सोडली. बोटं झटकली.

"भाजलं?"

"भाजलं!" असं म्हणून ते चक्क हसले. गेल्या कित्येक दिवसांत ते हसले नव्हते. "अगं, हिच्यातून करंट चाललाय. सेल्फचा सगळा करंट या दोरीएवढ्या तारेतून जायला बघतोय."

"तिथून का जाईल?"

"घरी परत जायला दार नाही म्हणून खिडकीतून चाललाय." मग त्यांनी तिला समजावलं, टेबलावर खडूनं रेघा ओढून. करंट बॅटरीतून निघतो तो जाड वायरनं स्टार्टरपर्यंत जातो, पण परत येताना त्याला इंजिनाच्या लोखंडातून चासीवर आणि चासीवरून बॅटरीत यायचं असतं. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याच्या विणीची एक पट्टी असते, अर्थिंगची. ती गेली की संपलं. "दिव्यांना काय, ते चासीवरच आहेत. त्यांना इंजिनाशी देणंघेणं नाही. म्हणून ते मजेत."

"आणि नवी बॅटरी टाकली की चार दिवस चालायची ती?"

"नव्या बॅटरीत जोर असतो, ढकलत नेते कशीबशी. त्यात मी दर वेळी खाली वायरी हलवणार. पट्टी एखाद्या तारेनं टेकत असेल."

त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या बोल्टला. ठकठक. ठकठक. तिनं बटण दाबलं आणि खिडकीतून मान काढून बघितलं. जो काटा जागचा हलायला नको तो उडून पार दुसऱ्या टोकाला गेला होता.

पट्टी गिअरबॉक्सच्या खाली होती. गेल्या वर्षी चासीला काळा रंग मारला तेव्हा रंगाऱ्यानं पट्टीवरही फासला होता, त्यामुळे वरून ती छान तुकतुकीत दिसत होती. उस्तादांनी रंगाची साल सुरीनं सोलली. आतून हिरवट भुकटी गळायला लागली आणि विणीच्या मोजक्या चार तारा हाताला लागल्या. ओढल्याबरोबर त्याही तुटल्या.

"आता नुसती बघूया," ते म्हणाले. त्यांनी पेटीतली जाड जोडकेबल काढली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, दुसरा इंजिनाला, आणि इंजिनाच्या बाजूला, पंख्यापासून लांब, उभे राहिले. पाना त्यांनी दोनदा वाजवला आणि दोन्ही तळवे इंजिनावर टेकवले. तिनं दाबलं.

घर्रर्र झालं, एवढं जोरात की पत्र्यावरच्या चिमण्या उडाल्या, आणि पहिल्याच झटक्याला इंजिन धडधडायला लागलं. उस्तादांनी हात काढले नाहीत. त्यांचे खांदे, गाल, सैल शर्ट सगळं इंजिनाबरोबर थरथरत होतं. त्यांनी तोंड वर करून विचारलं, "लागला ना? एकदम लागला ना?"

ती मान हलवत राहिली. बोलून उपयोग नव्हता. त्या आवाजात तिलाही काही ऐकू आलं नसतं. सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. हाताला पीठ होतं.

वेल्डिंगच्या जाड केबलची नवी पट्टी तयार झाली. उस्तादांनी दोन्ही बाजूंचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला, बोल्ट आवळले, वरून ग्रीस फासलं. त्या दिवशी तिनं सेल्फ इतक्या वेळा मारून बघितला की शेवटी तेच म्हणाले, "पुरे कर, आता खरंच बॅटरी उतरेल."

रविवारी नर्सेसची सहल झाली. बस एकदाही अडली नाही. तरी ड्रायव्हरबाईनं दिवसभर इंजिन बंद केलं नाही. चहाला थांबले तेव्हा चालू, जेवायला थांबले तेव्हा चालू. धुराचा त्रास होतो म्हणून नर्सेस तक्रार करायला लागल्या, तरी तिचा हात किल्लीकडे जाईना. शेवटी पान्यांची पेटी घेऊन मागच्या सीटवर बसलेले उस्ताद पुढे आले आणि त्यांनीच इंजिन बंद केलं. मग तिला म्हणाले, "मार." तिनं डोळे मिटले आणि दाबलं. चालू झालं. त्यांनी पुन्हा बंद केलं. "मार." असं ते करतच राहिले, झाडाखाली जेवत बसलेल्या बायका बघत असताना, ती डोळे न मिटता बटण दाबायला लागेपर्यंत. धास्ती पूर्ण गेली असं म्हणता येणार नाही. पुढे कित्येक महिने ती उतार बघूनच बस उभी करायची.

परतीच्या वाटेवर एक ठसठशीत नर्स उस्तादांच्या शेजारी येऊन बसली. ती काहीतरी विचारत होती आणि ते भलतंच उत्तर देत होते. तिनं त्यांची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली, जशी ती जन्मभर पेशंटची वळवत आली असणार, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, कान दाखवून घ्या. लाजायचं काय त्यात? दात पडले तर कवळी बसवताच ना?"

"माझे दात शाबूत आहेत," उस्ताद म्हणाले, आणि सगळी बस हसली. तेही हसले, पण उतरताना त्यांनी नर्सबाईंना विचारलं, कुठं दाखवायचं.

कानाचं यंत्र त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. सगळं डब्यातून बोलल्यासारखं येतं म्हणाले. सासूबाई सवयीनं दोनदा बोलल्या तर यंत्रावर हात ठेवून म्हणाले, "अगं हळू, मारशील." दोनदा त्यांनी ते काढून खिशात टाकलं, एकदा पँटबरोबर ते धुवायलाही गेलं असतं. पण पुढच्या सहलीला ते लावून बसमध्ये चढले आणि बस गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच उठून उभे राहिले.

"थांब. हे काय वाजतंय?"

"काय, बाबा?"

"खडखडतंय सगळं! प्रत्येक काच खडखडतेय. आणि हे कुंईकुंई काय? असं वाजतं रोज?"

"रोजच वाजतं."

"आणि लोक बसतात यात?"

त्या दिवशी गाडीत एका कारखान्यातली माणसं होती. उस्ताद एकाही जागी टेकले नाहीत. स्क्रूड्रायव्हर घेऊन या सीटवरून त्या सीटवर, माणसांना उठवत, पाय बाजूला घ्यायला लावत, खिडक्यांचे स्क्रू आवळत फिरत राहिले. एकाच्या डुलकीचा बोऱ्या वाजवला, एकाच्या डब्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं दाबून बघितलं. कुणीतरी पुढे येऊन कळवळून म्हणालं, "ड्रायव्हरबाई, तुमच्या बाबांना जरा बसायला सांगा हो."

"सांगून बघा तुम्हीच," ती म्हणाली आणि पुढच्या चढाला गिअर बदलला.